विधिवाक्यातील कर्म : एचआयव्ही, विलगीकरण आणि प्रादेशिक सहकार्य (१९८७–२०१८)

कायद्याच्या भाषेचा अभ्यास करताना नामांपेक्षा क्रियापदांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. कायद्याचा विषय कोणता हे नामावरून कळते. तो विषय कोणाच्या स्वाधीन केला आहे हे क्रियापदावरून कळते. इंग्रजी विधिभाषेतील 'शॅल' आणि 'मे' या दोन सहायक क्रियापदांसाठी मराठी विधिलेखनात सामान्यतः 'करील' आणि 'करू शकेल' अशी रूपे योजली जातात. पहिल्यात आज्ञा आहे, दुसऱ्यात मुभा आहे. 'उद्या पाऊस पडेल' या वाक्यातील भविष्यकाळ आणि 'अधिकारी अशा व्यक्तीस अलग ठेवील' या वाक्यातील भविष्यकाळ रूपाने एकच असला तरी दुसरे वाक्य काहीही भाकीत करीत नाही. ते अधिकाऱ्यावर कर्तव्य लादते. १९८९ मध्ये गोव्यातील एका तरुणाला चौसष्ट दिवस कोंडून ठेवण्यास या रूपाचा आधार पुरेसा झाला.

त्या प्रकरणाचा आणि त्यानंतर दक्षिण आशियात या रोगाच्या निमित्ताने झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यवहाराचा विचार सामान्यतः वैद्यकाच्या किंवा घटनात्मक कायद्याच्या अंगाने केला जातो. भाषेच्या अंगाने पाहिल्यास एक निराळी गोष्ट दिसू लागते. आज्ञा की मुभा हा प्रश्न वाटतो तितका निर्णायक नाही. या कायद्यांतील आणि ठरावांतील बहुतेक वाक्यांत शासन हा कर्ता असतो व बाधित मनुष्य हे कर्म असते. ही रचना कोठे आणि कशी पालटली, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न होय.

या वाक्यरचनेचे मूळ शोधू गेल्यास मुंबईच्या प्लेगपर्यंत जावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. मूळचा हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सामान्य कायदे अपुरे पडत आहेत असे वाटल्यास सरकार आवश्यक ते उपाय योजू शकेल, रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करू शकेल, आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यास ज्यांच्याविषयी संशय येईल अशांना इस्पितळात किंवा अन्यत्र वेगळे ठेवू शकेल, असा त्यातील तरतुदींचा आशय आहे. शेवटच्या कलमाने, सद्‌भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा लावता येणार नाही, अशी तजवीज केली आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कायद्याचे क्रियापद 'मे' हे आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ती निव्वळ मुभा होय. तथापि पुण्यात रँड याच्या प्लेग कमिटीने या मुभेचा कसा उपयोग केला, घरोघर शिरलेल्या सैनिकांनी लोकांच्या मनात कोणती भीती निर्माण केली आणि २२ जून १८९७ च्या रात्री तिचा शेवट कशात झाला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. मुंबईत तर त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. 'सेग्रिगेशन' आणि 'क्वारंटीन' हे शब्द मराठीत आले ते या काळात, भाषांतराची वाट न पाहता, जसेच्या तसे. ज्या गोष्टीला घरचे नाव देण्याचीही लोकांना इच्छा होत नाही तिचे परके नाव टिकून राहते, असा अनुभव अन्यत्रही येतो.

रोगाला परक्याचे नाव देण्याची प्रवृत्ती तर याहूनही जुनी आहे. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात उपदंशासारख्या एका नव्या रोगाला 'फिरंग' म्हटले आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला. युरोपात त्याच रोगाला इटलीतील लोक फ्रेंचांचा म्हणत आणि फ्रान्समधील लोक नेपल्सचा म्हणत. १९८१ मध्ये अमेरिकेत प्रथम वर्णिलेल्या नव्या व्याधीलाही आरंभी समलिंगी पुरुषांशी जोडणारे नाव काही काळ मिळाले होते. सप्टेंबर १९८२ मध्ये 'एड्स' हे नाव रूढ झाले आणि १९८६ मध्ये तिच्या विषाणूस 'एचआयव्ही' ही संज्ञा आंतरराष्ट्रीय समितीने दिली. या दोन्ही नावांत कोणत्याही देशाचा किंवा समूहाचा निर्देश नाही, ही त्या शास्त्रज्ञांची कामगिरी लहान मानता येणार नाही. परंतु लोकभाषा शास्त्राच्या समितीला विचारून चालत नाही. नेपाळच्या खेड्यापाड्यांतून या रोगास 'मुंबईचा रोग' म्हणू लागले. त्या नावामागील व्यवहार पुढे पाहावयाचा आहे.

भारतात एचआयव्हीची बाधा प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे आढळली. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने केलेल्या त्या संशोधनात ज्यांचे रक्त तपासले गेले त्या स्त्रिया शासकीय गृहात ठेवलेल्या, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया होत्या. संशोधनाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु या रोगाचे भारतातील पहिले दर्शन कोठडीच्या गजांमागे घडले, याचा परिणाम पुढील शासकीय कल्पनांवर झाला असावा असे मानण्यास जागा आहे.

१९८७ हे वर्ष गोव्याच्या इतिहासात राजभाषा कायद्याचे आणि घटक राज्याच्या दर्जाचे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. त्याच वर्षी, १९८५ च्या गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य अधिनियमात एक दुरुस्ती झाली, तिची नोंद मात्र इतिहासग्रंथांत सहसा सापडत नाही. अधिनियमाच्या त्रेपन्नाव्या कलमात एक नवे उपकलम आले. रक्तजल तपासणीत जी व्यक्ती एड्ससाठी 'पॉझिटिव्ह' आढळेल तिला आरोग्य अधिकारी आवश्यक वाटेल तितक्या काळापर्यंत, आवश्यक वाटतील त्या अटींवर, विहित संस्थेत किंवा तिच्या कक्षात अलग ठेवील, असा त्याचा आशय होता. मूळ क्रियापद 'शॅल' होते. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच्या वसाहती कायद्याने जेथे मुभा दिली होती तेथे स्वतंत्र भारतातील एका राज्याच्या कायद्याने आज्ञा दिली.

या उपकलमातील नामाकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. एड्स हा लक्षणसमुच्चय आहे. शरीराची प्रतिकारशक्ती ढासळल्यानंतरची ती अवस्था होय. रक्तजल तपासणीत एड्स आढळत नाही. आढळतात ती विषाणूविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये. बाधा झाल्यापासून ती अवस्था येईपर्यंत कित्येक वर्षे जातात, आणि त्या वर्षांत मनुष्य इतरांप्रमाणेच चालतो, बोलतो, नोकरी करतो. कलमाने तपासणी एका गोष्टीची सांगितली आणि नाव दुसऱ्या गोष्टीचे दिले. कालमर्यादा 'आवश्यक वाटेल तितकी' ठेवली, आणि त्या काळात बाधेतून मुक्त होण्याचा उपाय अस्तित्वात नसल्यामुळे या मर्यादेला अर्थतः शेवट नव्हता.

डॉमिनिक डिसोझा हे नियमाने रक्तदान करीत. त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये आढळली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्यांना बोलावून घेतले आणि त्यानंतर म्हापसा येथील क्षयरोग्यांच्या एका वापरात नसलेल्या इमारतीत पहाऱ्यात ठेवले. तेथे ते चौसष्ट दिवस होते. त्यांच्या आई लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे याचिका दाखल केली. ती लढविण्यात पुढे या विषयातील अग्रगण्य विधिज्ञ ठरलेले आनंद ग्रोव्हर यांचा पुढाकार होता. हा रोग सहवासाने, स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही, तेव्हा अलग ठेवण्यास शास्त्रीय आधार नाही. तसेच संबंधित व्यक्तीस आपले म्हणणे मांडण्याची संधीच कलमात नाही, असे याचिकेचे मुख्य मुद्दे होते. १९८९ मधील दुरुस्तीने 'शॅल' जाऊन 'मे' आले. आज्ञेची मुभा झाली.

न्यायालयाचा निर्णय १९९० च्या निकालसंग्रहात प्रसिद्ध झाला आहे. विलगीकरणाचे परिणाम गंभीर असतात हे न्यायमूर्तींनी मान्य केले. तथापि व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत विरोध आला तर पहिल्याने दुसऱ्यास वाट दिली पाहिजे, असे म्हणून त्यांनी कलम वैध ठरविले. कोणते उपाय योजावेत हे विधिमंडळाने आणि तज्ज्ञांनी ठरवावे अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्या काळी या रोगाविषयी अज्ञान फार होते, असे या निर्णयाच्या समर्थनार्थ म्हटले जाते. ते पूर्णपणे पटत नाही. जागतिक आरोग्य परिषदेने मे १९८८ मध्येच बाधित व्यक्तींशी भेदभाव टाळण्याचा ठराव संमत केला होता, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे या कार्यक्रमाचे प्रमुख जोनाथन मान हे, मानवी हक्कांना बाधा आणणाऱ्या उपायांनी रोग लपतो व लपलेला रोग वाढतो, हे सूत्र जगभर मांडीत होते. अर्थात क्यूबासारख्या देशाने १९८६ पासून बाधितांना सक्तीने आरोग्यधामांत ठेवण्याचा मार्ग पत्करला होता, हेही खरे. म्हणजे दोन्ही वाटा त्या वेळी डोळ्यांपुढे होत्या. अज्ञानापेक्षा निवडीचा भाग अधिक होता.

क्रियापद पालटले, वाक्य पालटले नाही. 'शासन अशा व्यक्तीस अलग ठेवील' आणि 'शासन अशा व्यक्तीस अलग ठेवू शकेल' या दोन्ही वाक्यांत ती 'अशी व्यक्ती' द्वितीयेतच राहते. तिला विचारावयाचे आहे, ऐकावयाचे आहे, असे सुचविणारे एकही क्रियापद कलमात नव्हते. १८९७ च्या 'मे' ने पुण्यात काय केले हे स्मरल्यास मुभेचे रूप सौम्य असतेच असे नाही, हे सहज कळून येईल. ती अधिकाऱ्याला मुभा आहे, बाधिताला नव्हे.

डिसोझा यांनी या वाक्यरचनेला दिलेले उत्तर न्यायालयाबाहेरचे आहे. १९९२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने गोव्यात 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी राहिली, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. कलमातील 'पॉझिटिव्ह' हे प्रयोगशाळेचे विशेषण होते, ते रक्ताच्या नमुन्यास लागत असे. संस्थेच्या नावात तेच विशेषण माणसांना लागले आणि 'पीपल' हे कर्तृपद झाले. बाधितांनीच आपल्याविषयीच्या निर्णयांत भाग घ्यावा, हे तत्त्व १ डिसेंबर १९९४ रोजी पॅरिस येथे भारतासह ४२ देशांच्या शासनांनी मान्य केले. गोव्यातील एका तरुणाने ते दोन वर्षे आधी संस्थेच्या पाटीवर लिहून ठेवले होते.

हे सर्व एका राज्याच्या सीमेत घडले. बाधित मनुष्य एका देशाचा नागरिक असून दुसऱ्या देशात असेल तर कोणत्या वाक्याचे तो कर्म होतो, हा प्रश्न १९९६ मध्ये मुंबईत उभा राहिला.

भारत आणि नेपाळ यांच्यामधील १९५० च्या तहाच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या प्रदेशात राहण्याची, व्यापार करण्याची आणि येण्याजाण्याची परस्पर मोकळीक दिलेली आहे. अछाम, डोटी यांसारख्या पश्चिम नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस येऊन पहारेकऱ्याची, हॉटेलांतील वा बांधकामावरील कामे करीत आले आहेत. परदेशी चाकरीला जाणाऱ्यास नेपाळीत 'लाहुरे' म्हणतात. रणजितसिंहाच्या फौजेत भरती होण्यासाठी गुरखे लाहोरास जात, तेव्हापासूनचा हा शब्द. लाहोर मागे पडले, मुंबई आली, शब्द तोच राहिला. या मोकळ्या सीमेवरून स्त्रियाही आल्या, परंतु त्यांपैकी अनेकींना आणले गेले होते. कामाठीपुऱ्यातील नेपाळी मुलींच्या स्थितीवर १९९५ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांतील मजकुराची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी घातलेल्या छाप्यांत चारशेहून अधिक स्त्रिया व मुली ताब्यात घेतल्या गेल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या दोनशेच्या वर होती.

या खटल्याचे नाव मुद्दाम पाहण्यासारखे आहे : 'पब्लिक ॲट लार्ज विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. फिर्यादी सर्वसाधारण जनता, प्रतिवादी राज्य; ज्यांच्यासाठी हे सर्व चालले होते त्या मुली नावात कोठेच नाहीत. त्यांना निरनिराळ्या शासकीय गृहांत ठेवण्यात आले. त्यांच्या रक्ताची तपासणी झाली, अनेकींत एचआयव्हीची बाधा आढळली, आणि ती बातमी त्यांच्या आधी काठमांडूला पोहोचली. त्यांना परत घेण्यास नेपाळी शासन कचरले. या आपल्याच नागरिक कशावरून, अशी शंका घेण्यात आली, आणि त्या रोग घेऊन येतील अशी भीतीही व्यक्त झाली. 'मुंबईचा रोग' या नावाचा पुरता अर्थ येथे उघड होतो. ज्या देशात बाधा झाली त्या देशाला त्या परक्या वाटत होत्या, आणि ज्या देशाच्या त्या होत्या त्याला त्यांच्या शरीरातील बाधा परकी वाटत होती. नेपाळात नागरिकत्वाचा दाखला त्या काळी पित्याच्या किंवा पतीच्या आधारावाचून मिळणे दुरापास्त होते. घरातूनच विकल्या गेलेल्या किंवा घराने नाकारलेल्या मुलीने तो कोठून आणावा? मुंबईच्या गृहांतील मुक्काम महिनोन्‌महिने लांबला, आणि काही मुली तेथेच मृत्यू पावल्या.

शेवटी जुलै १९९६ मध्ये सात नेपाळी स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन सव्वाशेच्या आसपास मुलींना काठमांडूला नेले. त्यांत अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये स्थापिलेली 'माइती नेपाल' ही संस्था होती. 'माइती' म्हणजे माहेरची माणसे. मराठी 'माहेर' मातृगृहापासून आलेले. दोन्ही शब्दांच्या मुळाशी आई आहे. दोन शासनांच्या पत्रव्यवहारात ज्या मुलींसाठी 'नागरिक' हे पद सिद्ध होत नव्हते त्यांना परत नेण्यास नात्याच्या शब्दांचा आधार घ्यावा लागला. दक्षिण आशियातील एचआयव्हीविषयक प्रादेशिक सहकार्याचा हा पहिला लक्षणीय प्रसंग म्हणता येईल, आणि त्यात शासनांचा वाटा सर्वांत कमी होता.

परत गेलेल्या मुलींपैकी पंधराजणींनी मिळून त्याच वर्षी 'शक्ति समूह' स्थापन केला. त्यांतील चारीमाया तामाङ यांनी मुंबईत बावीस महिने काढले होते. संस्थेची नोंदणी होण्यास २००० साल उजाडावे लागले, कारण नोंदणीसाठी नागरिकत्वाचे दाखले हवे होते आणि ते या स्त्रियांजवळ नव्हते. २०१३ मध्ये या संस्थेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना कोणते राज्य स्वीकारील याची चर्चा चालली होती त्या पुढे इतर मुलींना सीमेवर उतरवून घेणाऱ्या झाल्या.

योगायोगाने १९९६ हेच वर्ष सांगलीतही महत्त्वाचे आहे. 'संग्राम' या संस्थेचे काम तेथे १९९२ पासून चालू होते; त्यातून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. सुशिक्षितांच्या भाषेत जो शब्द उच्चारणे अप्रशस्त मानले जाई तो त्यांनी संघटनेच्या नावात पहिल्या स्थानी ठेवला. निरोधाचे वाटप त्या स्वतः करू लागल्या, आणि छाप्यांना त्यांनी विरोध केला. येथे एक मतभेद नोंदविला पाहिजे. 'शक्ति समूह' ही सुटका झालेल्या मुलींची संघटना, तर सांगलीची परिषद सुटकेच्या नावाखाली चालणाऱ्या बळजबरीस नकार देणाऱ्या प्रौढ स्त्रियांची. दोहोंच्या अनुभवांत आणि मागण्यांत मोठे अंतर आहे, आणि ते पुसून टाकणारी एकच व्याख्या करणे हे पुढील आंतरराष्ट्रीय करारांचे व्यंग ठरले. ५ जानेवारी २००२ रोजी काठमांडू येथे सार्क देशांनी स्त्रिया व मुले यांच्या वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापाराविरुद्ध करार केला. पीडितांना मायदेशी परत पाठविण्याची व्यवस्था त्यात प्रथमच आली, हे १९९६ च्या अनुभवानंतर मोठेच पाऊल होते. परंतु 'स्त्रिया आणि मुले' हे जोडपद त्यात सर्वत्र एकत्र चालते. प्रौढ स्त्रीची इच्छा आणि बालकाची असहायता यांत हे व्याकरण भेद करीत नाही.

आरोग्याच्या बाजूने सार्कने १९९२ मध्ये काठमांडूजवळ क्षयरोग केंद्र स्थापिले होते. २००५ मध्ये त्याच्या नावात एचआयव्ही-एड्सची भर पडली. त्याच्या कार्याविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. आशिया व पॅसिफिक प्रदेशासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक आयोगाचे ठराव मात्र भाषेच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. या आयोगाने २०१० मध्ये इंचॉन येथे, आणि पुन्हा २०११ मध्ये, जे ठराव केले त्यांत बाधितांच्या वाटेत येणारे कायदे व धोरणे यांचा फेरविचार करण्याचे आवाहन सदस्य देशांना आहे. आंतरराष्ट्रीय ठरावांत 'करील' जवळजवळ नसतोच. तेथे 'आवाहन करतो', 'निमंत्रण देतो', 'प्रोत्साहन देतो' अशी क्रियापदे असतात. विधिज्ञ त्यांना दुर्बल मानतात, आणि ते चूक नाही. परंतु २०११ च्या ठरावानुसार देशोदेशी ज्या विचारविनिमयाच्या बैठका भरल्या त्यांत बाधित व्यक्ती, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि तृतीयपंथी यांना न्यायाधीश व अधिकारी यांच्यासमोर बसविण्यात आले. 'विचारविनिमय करणे' या क्रियापदाला एकट्या कर्त्यावर भागत नाही. समोर दुसरा कर्ता असावाच लागतो. दुर्बल क्रियापदाने येथे जे साधले ते गोव्याच्या सबळ क्रियापदाला साधले नव्हते.

औषधांच्या क्षेत्रातील सहकार्याची कथा सर्वश्रुत असल्यामुळे तिचा धावता उल्लेख पुरे. तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचा खर्च दर रोग्यामागे वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक होता, तेव्हा मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तो उपचार, सीमांविना कार्य करणाऱ्या फ्रेंच वैद्यकसंघटनेस, वर्षाला ३५० डॉलर या दराने देऊ केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोहा येथे, सार्वजनिक आरोग्यासाठी एकस्वांच्या नियमांत सवलत घेण्याचा देशांचा अधिकार मान्य झाला. भारतात शासकीय इस्पितळांतून मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाला; आरंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. 'मुंबईचा रोग' म्हणून ज्याला नाव पडले होते त्यावरचे स्वस्त औषधही मुंबईच्या कंपनीनेच पुढे आणले, ही गोष्ट लोकभाषेने अजून कोठे टिपलेली दिसत नाही.

दरम्यान विधिभाषेतही पालट होत होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, एचआयव्हीची बाधा आहे एवढ्याच कारणाने एका कामगारास नोकरी नाकारणे बेकायदा ठरविले. अंगी काम करण्याची क्षमता आहे की नाही एवढाच प्रश्न विचारता येईल, असे त्या निर्णयाचे सूत्र होते. कामगाराचे नाव गुप्त राहावे म्हणून खटल्यात त्याला 'एमएक्स' आणि मालक संस्थेला 'झेडवाय' म्हटले गेले. 'पब्लिक ॲट लार्ज'च्या खटल्यात नावाचा अभाव ही उपेक्षा होती. येथे तो अभाव न्यायालयाने त्याच्या विनंतीवरून दिलेले संरक्षण झाला. रूप सारखे, अर्थ उलट.

एचआयव्ही व एड्स यांविषयीचा केंद्रीय अधिनियम मार्च व एप्रिल २०१७ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. २० एप्रिल २०१७ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलात आला. त्यात बाधित व्यक्तीस, तसेच तिच्याबरोबर राहणाऱ्यासही, 'संरक्षित व्यक्ती' ही संज्ञा दिली आहे. संमतीवाचून तपासणी करण्यास मनाई आहे. भेदभावाच्या ज्या प्रकारांना त्याचे तिसरे कलम बंदी करते त्यांच्या यादीत संरक्षित व्यक्तीचे विलगीकरण हा एक स्वतंत्र प्रकार आहे. १९८७ मध्ये गोव्याच्या कायद्याने जे कर्तव्य म्हणून सांगितले होते ते तीस वर्षांनी निषिद्ध कृत्यांच्या यादीत आले.

याच अधिनियमाच्या चौदाव्या कलमात औषधोपचाराची तरतूद आहे. शासनाने योजावयाच्या उपायांत तपासणीच्या सोयी आणि विषाणूविरोधी औषधोपचार यांचा समावेश असेल, असे ते सांगते. क्रियापद 'शॅल' आहे, म्हणजे आज्ञार्थीच. परंतु त्याला एक क्रियाविशेषण वाक्यांश जोडला आहे : 'शक्य असेल तेथवर'. विधेयक संसदेत असताना या तीन शब्दांवर अनेक सदस्यांनी आणि बाधितांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. ते काढले गेले नाहीत. संमतीनंतर आठच दिवसांनी, २८ एप्रिल २०१७ रोजी, बाधा आढळलेल्या प्रत्येकास, प्रतिकारशक्तीची पातळी कितीही असो, उपचार देण्याचे धोरण केंद्र शासनाने जाहीर केले. धोरण कायद्याच्या पुढे गेले. कलमातील वाक्यांश जागच्या जागी राहिला. गोव्याच्या १९८७ च्या उपकलमात मात्र 'अलग ठेवील' या क्रियापदापूर्वी असा कोणताही वाक्यांश नव्हता.